दोनशे रुपयांची पावती

वकिलीच्या सनदेसाठी अर्ज करणाऱ्याला एक गोष्ट प्रतिज्ञेवर सांगावी लागते. आपल्याला कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, आणि झाली असेल तर कोणत्या? पासपोर्टच्या अर्जात हाच प्रश्न असतो. पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात असतो. इंग्लंडला नर्स म्हणून निघालेल्या मुलीला तिथल्या नोंदणीच्या वेळी तो पुन्हा भेटतो. उत्तराला शब्द दोनच: होय किंवा नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘कागद’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला याच कागदावर लिहायचं होतं. आगरदांड्याला कायद्याची पदवी घेतलेला एक मुलगा सनदेचा अर्ज अर्धा भरून घरी बसला आहे, एवढं मुरूडला वकिली करणाऱ्या एका बाईंकडून कानावर आलं होतं. म्हणून अलिबाग, रेवदंडा, मुरूड असं करत मी आगरदांड्याला गेले.

राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर आगरदांडा आणि दक्षिण काठावर दिघी. मधलं पाणी फेरीबोटीतून थोडक्यात ओलांडता येतं. रस्त्याने जायचं तर खाडीला भलामोठा वळसा पडतो. त्यामुळे धक्क्यावर सकाळपासून गाड्यांची रांग. श्रीवर्धन-हरिहरेश्वरला निघालेले मुंबईकर, मासळीचे टेम्पो, पलीकडच्या शाळेत शिकवायला जाणारे मास्तर. जंजिरा इथून जवळ, पण त्याची गर्दी बहुतेक राजपुरीच्या बाजूला. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेलं, आणि त्याचा एक भाग आगरदांड्याच्या काठावरही आहे. बंदर आलं की नोकऱ्या येतील, असं या पट्ट्यात गेली कितीतरी वर्षं बोललं जातं. नोकरी बंदरातली असो, बोटीवरची असो, आखातातली असो की सरकारी, आधी पोलीस पडताळणी होते. ‘व्हेरिफिकेशन’ हा शब्द इथे शाळा सोडलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे.

गणपतीतले पत्ते

त्या मुलाचं नाव त्याच्या विनंतीवरून देत नाही. वडील नाहीत, काका फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करतात. घरातला पहिला पदवीधर आणि पहिला वकील होऊ घातलेला. अर्ज, गुणपत्रिका, फोटो असं सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून ठेवलेलं. त्या फाइलच्या शेवटच्या कप्प्यात कोर्टाची एक फिकट पावती आहे. दंड रुपये दोनशे.

कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत रात्री पत्ते चालतात, हे सांगायला नको. आरती होते, भजन होतं, मग जागरणाला पत्ते. कुठे नुसती रमी, कुठे पाच-दहा रुपयांची तीन पत्ती. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. मित्रांबरोबर एका पडवीत बसला होता, पोलीस आले, पत्ते आणि समोरचे पैसे जप्त झाले, जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. हा कायदा १८८७ चा, मुंबई प्रांताच्या काळातला, आजही राज्यात लागू असलेला. मुलं जामिनावर त्याच रात्री घरी आली. पुढे बराच काळ काही झालं नाही, आणि मग समन्स आलं.

“लोकअदालतीचा दिवस होता, ताई,” तो सांगत होता. “कोर्टाच्या आवारात ही गर्दी. कोणीतरी म्हणालं, कबूल करा, दोनशे भरा, मोकळे व्हा. नाहीतर तारखा पडत राहतील. माझी सेमिस्टरची परीक्षा जवळ आलेली. मी कबूल केलं.”

काका मध्येच म्हणाले, “आम्हाला वाटलं, दंड म्हणजे एसटीत तिकीट नसलं की भरतात तसा. भरला, संपलं.”

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. लोकअदालत कुणालाही शिक्षा देत नाही. तिचं काम तडजोडीचं. पण राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवसांत किरकोळ फौजदारी खटले कबुलीवर निकाली काढण्याची मोहीमही चालते. त्याच दिवशी, त्याच आवारात, शेजारच्या दालनात दंडाधिकारी बसलेले असतात. आरोपी उभा राहतो, गुन्हा वाचून दाखवला जातो, तो ‘कबूल’ म्हणतो आणि दंड होतो. आवारात आलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटतं. कायद्याच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे: एका टेबलावर वाद मिटतो, दुसऱ्या टेबलावर गुन्हा शाबीत होतो. दोनशे रुपयांचा दंड ही शिक्षाच आहे. ‘कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची’ शिक्षा हीसुद्धा शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आली, तिचा हेतू चांगला आहे. पण तीही दोषी ठरल्यावरचीच आहे.

मुलाने मला त्या खटल्याची नकल दाखवली. नकलेचा अर्ज करून, कोर्ट फीचा स्टॅम्प लावून त्याने ती मिळवली होती. दोन पानं. रोजनाम्याचा मजकूर बहुतेक छापील, रिकाम्या जागा पेनाने भरलेल्या. आरोपीस दोषारोप वाचून व समजावून सांगितला, आरोपीने गुन्हा स्वेच्छेने कबूल केला, दंड रुपये दोनशे, न भरल्यास दोन दिवस साधी कैद. खाली त्याची सही. सही करताना हात घाईत असावा, आडनावातलं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला गेलेलं. ‘समजावून सांगितला’ हे शब्द छापील होते.

भिवानीचे वीस रुपये

आगरदांड्याच्या या मुलासारखाच एक माणूस यापूर्वी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हरियाणातल्या भिवानीचा पवनकुमार, सरकारी खात्यातला चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी. १९८० मध्ये सार्वजनिक जागी अश्लील वर्तनाच्या किरकोळ कलमाखाली, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम २९४ खाली, त्याला वीस रुपये दंड झाला. त्यानेही गुन्हा कबूल केला होता. त्या वीस रुपयांवरून पुढे त्याची नोकरी गेली. खालच्या सगळ्या कोर्टांत तो हरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटलं, की या कलमाखालची शिक्षा म्हणजे आपोआप नैतिक अधःपतन ठरत नाही.

त्या निकालपत्रात न्यायालय एवढ्यावर थांबलं नाही. देशभर हजारो माणसं, त्यात बरीच तरुण, किरकोळ खटल्यांतून लवकर सुटण्यासाठी गुन्हा कबूल करून चार पैसे दंड भरतात, आणि मग त्याच कबुलीने त्यांचं आयुष्यभराचं करिअर संपतं, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं. दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा नोकरीच्या आड येऊ नये, असा कायदा संसदेने करावा, असं त्यांनी सुचवलं. त्या निकालाला आता जवळपास तीन दशकं होत आली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बऱ्याच कायद्यांमधल्या किरकोळ तुरुंगवासाच्या तरतुदी सौम्य केल्या, पण तो मुख्यतः धंदा-व्यवसायांवरच्या अटींचा कायदा होता. पवनकुमारच्या निकालात मागितलेली, किरकोळ दंडाची शिक्षा पुढच्या आयुष्यातून वगळणारी सरसकट तरतूद अजून झालेली नाही. मला हे फार गंभीर वाटतं. न्यायालयाने इतक्या साध्या भाषेत सांगितलेली गोष्ट इतकी वर्षं पडून राहते, तेव्हा तिची किंमत आगरदांड्यासारख्या गावातली मुलं मोजत असतात.

रकान्यात न मावणारी माणसं

मुरूडच्या त्या वकीलबाईंकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतं. त्यांच्या टेबलावर समोरच्याला बसवून त्या आधी एकच गोष्ट विचारतात, “तुझ्याकडे काय कागद आहे?”

कारण माणूस सांगतो ते बहुधा चुकीचं निघतं. एकजण म्हणाला, माझ्यावर केस आहे. कागद पाहिला तर ती एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद. शेजारणीशी झालेल्या बाचाबाचीची. दुसरा म्हणाला, मला शिक्षा झाली आहे, मी बॉन्ड दिलाय. ती चॅप्टर केस निघाली. सणासुदीला शांतता राखावी म्हणून तालुका दंडाधिकाऱ्यांसमोर पोलीस माणसांना उभं करतात आणि चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घेतात, त्याला गावात ‘चॅप्टर’ म्हणतात. हा प्रतिबंधक उपाय आहे, शिक्षा नाही. तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, माझ्यावर काहीच नाही, केस मिटली. मिटली कशी? मारामारी होती, दोन्ही बाजूंनी कोर्टात तडजोड केली. कायद्याने तडजोड झाली की निर्दोष सुटल्यासारखंच, म्हणजे ‘शिक्षा झाली आहे का’ याला उत्तर ‘नाही’. पण अर्जात ‘खटला चालला होता का’ असं विचारलं असेल, तर त्याचं उत्तर ‘होय’ आहे.

या फरकावर लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. अटक, दोषारोपपत्र, खटला, शिक्षा या चार वेगळ्या पायऱ्या. कुठला फॉर्म एकच पायरी विचारतो, कुठला चारही एका वाक्यात गुंफतो. २०१० मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या दयाशंकर यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की असे प्रश्न उमेदवाराला कळतील अशा साध्या भाषेत विचारायला हवेत. जामिनावर सुटलेल्या गावातल्या माणसाला ‘तुम्ही कधी स्थानबद्ध होता का’ याचं उत्तर काय द्यायचं, हे खरंच कळत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र कायदा स्वच्छ आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा ठपका पुढे अपात्रता ठरत नाही आणि त्या नोंदी मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या, घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. नव्याने सुरुवात करू द्यावी, हे तत्त्व त्या कायद्यात शब्दाने लिहिलेलं आहे. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते तत्त्व संपतं, हे आगरदांड्याच्या मुलाच्या फाइलकडे पाहताना खटकत राहिलं.

सनदेपाशी

वकिलीच्या बाबतीत निकष अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम २४अ मध्ये आहेत. हे कलम १९७३ च्या दुरुस्तीने आलं. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला वकील म्हणून नोंदता येत नाही. अशाच कारणावरून सरकारी नोकरीतून काढलेल्यालाही नाही. आणि तिसरा प्रकार असा, की अस्पृश्यता पाळल्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यालाही नाही.

हा तिसरा प्रकार वाचताना रायगड जिल्ह्यातल्या माणसाला महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्यांच्या पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि ते स्वतः मुंबई हायकोर्टात वकिली करत होते. अस्पृश्यता पाळणाऱ्याला न्यायालयात काळा कोट घालून उभं राहण्याचा अधिकार नको, हे कायद्याने पुढे मान्य केलं. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्याचं नाव १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. माझ्या मते या कलमातला सगळ्यात उजळ भाग हाच आहे, कारण गुन्हा आणि व्यवसाय यांचा संबंध इथे उघड दिसतो. ज्याला समोरचा माणूस माणूस वाटत नाही, त्याने त्याची बाजू मांडायची कशी?

बाकीच्या ठिकाणी हा संबंध इतका सरळ नाही. ‘नैतिक अधःपतन’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही. न्यायालयं प्रत्येक प्रकरणात परिस्थिती पाहून ठरवतात. जुगारात दोनशे रुपये दंड, हे त्यात बसतं का? वकीलबाईंचं उत्तर, “मी बसत नाही म्हणेन. पण मी सनद देणारी नाही.”

कलमातच दोन पळवाटा नाहीत, दोन दारं आहेत, असं त्या म्हणतात. पहिलं, सुटकेनंतर दोन वर्षं झाली की अपात्रता संपते. दुसरं, शिक्षेऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडलेल्याला ही अपात्रता लागूच होत नाही. या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ मध्ये सरळ म्हटलं आहे, की अशा माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही. पण हे मागावं लागतं. कबुलीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ते मागता येतं, हेच ठाऊक नसतं, आणि दिवसभरात दोनशे प्रकरणं निकाली काढायची असलेल्या रांगेत ते कोणी सांगत नाही.

दोन वर्षांची मुदत फार कमी आहे, अशीही एक बाजू आहे आणि ती टाकून देण्यासारखी नाही. २०१६ मध्ये महिपालसिंह राणा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विसंगतीकडे बोट दाखवलं, की खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेलाही दोन वर्षांनी सनद घेऊ शकतो. त्याच निकालात न्यायालयाने ही अपात्रता आधीच नोंदलेल्या वकिलालाही लागू होते, असं ठरवलं. कायद्यातला काळ सगळ्या गुन्ह्यांना एकच आहे. खुनाला दोन वर्षं आणि पत्त्यांनाही दोन वर्षं. मला खटकतं ते हे एकच माप.

राजकीय शिक्षांचा इतिहास याच दारातून गेला आहे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इनर टेम्पलने त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं. ते परत यादीत घ्यायला १९८८ उजाडावं लागलं. रायगडमध्येच जमिनीच्या, बंदरांच्या, प्रकल्पांच्या आंदोलनांत गुन्हे अंगावर घेतलेली माणसं घराघरांत आहेत. १९८४ चा उरण-जासईचा लढा तर जिल्ह्याच्या आठवणीतून कधी गेलाच नाही. अशा आंदोलनांतले काही खटले सरकार न्यायालयाच्या संमतीने मागे घेतं. खटला मागे घेतला गेला तर शिक्षा नाही. पण मागे घेण्याआधीच कुणी कंटाळून कबुली दिली असेल, तर ती कबुली तशीच राहते. मग एकाच मोर्च्यातल्या दोघांपैकी एकाचं उत्तर ‘नाही’ येतं आणि दुसऱ्याचं ‘होय’.

बोटीवर जाणारे

या किनाऱ्यावर ‘बोटीवर आहे’ असं म्हटलं की माणूस दोन ठिकाणी असू शकतो: खाडीतल्या किंवा किनाऱ्यावरच्या बोटीवर, नाहीतर दूर समुद्रातल्या मालवाहू जहाजावर. दोघांनाही कागद लागतात. खाडीत फेरी चालवणाऱ्या सारंगाला सक्षमतेचा दाखला लागतो. १९१७ च्या जुन्या अंतर्देशीय जलवाहतूक कायद्यात दखलपात्रतेपेक्षा जामिनाचा निकष होता: अजामीनपात्र गुन्ह्यात शिक्षा झाली, तर सरकार हा दाखला निलंबित किंवा रद्द करू शके. तो कायदा जाऊन २०२१ चा नवा आला.

जहाजावर जाणाऱ्याचा पहिला कागद पासपोर्ट, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे दोनशे रुपये दंड झालेल्याला या कारणावरून कोणी अडवू शकत नाही. पण न्यायालयात खटला प्रलंबित असेल, तर तेही नकाराचं कारण आहे, मग गुन्हा कितीही किरकोळ असो. म्हणूनच जहाजावर जाणारी मुलं घाईने कबुली देतात. खटला लटकत राहिला तर पासपोर्ट अडतो, कबूल केलं तर दोनशे रुपयांत सुटतो! जहाजाच्या दृष्टीने ही खरोखरच शहाणपणाची चाल आहे. त्याच मुलाने पुढे दहा वर्षांनी जहाज सोडून दुसरा व्यवसाय धरला, की तीच चाल त्याच्या अंगाशी येते.

खटला चालू असतानाही मार्ग आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या न्यायालयात खटला आहे त्याने परदेशी जाण्याची परवानगी दिली, तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. धक्क्यावर दोघा खलाशांशी बोलले. त्यांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं, आणि त्यांतला एक तर चौदा वर्षं जहाजावर होता.

प्रत्येक दारात तीच पावती वेगळी वाचली जाते. फार्मसी कायद्याखाली नाव कमी करण्यासाठी ‘कुठल्याही गुन्ह्यातली शिक्षा’ हे कारण होऊ शकतं, मात्र तिच्यामुळे माणूस नोंदणीत राहायला अयोग्य ठरतो असं कार्यकारी समितीचं मत व्हावं लागतं. सनदी लेखापालाच्या बाबतीत नैतिक अधःपतनाचा आणि कैदेस पात्र गुन्हा लागतो, आणि ती अपात्रता केंद्र सरकार दूर करू शकतं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा हे गैरवर्तन आहे. गणपतीतल्या त्याच रात्री पडवीत बसलेल्या मित्रांपैकी एक औषधाचं दुकान काढायला निघाला आणि एक जहाजावर गेला, तर दोघांसाठी त्या रात्रीचा अर्थ वेगळा लागतो.

लपवण्याची शिक्षा

मुलाच्या काकांचं मत सरळ होतं. “दोनशे रुपयांसाठी कोण शोधायला बसलंय? नाही लिहून टाक.”

हाच सल्ला घरोघरी मिळतो, आणि माणसाचं नुकसान याच सल्ल्याने सगळ्यात जास्त होतं. पूर्वी कदाचित चालून जाई. आता पोलीस ठाण्यांच्या नोंदी एका जाळ्यात आहेत, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी क्रमांकाने खटला उघडता येतो, आणि नावावरूनही सापडतो. पासपोर्टच्या अर्जात माहिती दडवली तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. वकिलीच्या कायद्यात कलम २६ सांगतं, की महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगून सनद मिळवली असेल तर नाव यादीतून काढता येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये तर विधी महाविद्यालयांनाच विद्यार्थ्यांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायला सांगितलं. म्हणजे हा प्रश्न आता पदवीच्या वाटेतच उभा आहे.

न्यायालयांचं धोरण काय, याचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल २१ जुलै २०१६ चा: अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार. तो नोकऱ्यांबाबतचा आहे, पण सनदा देणाऱ्या संस्थांनाही त्यातून खूप घेण्यासारखं आहे. उमेदवाराने माहिती खरी द्यावी, हे त्यात आधी. पण पुढे न्यायालय म्हणतं, तरुण वयातल्या घोषणा दिल्यासारख्या किंवा अशा क्षुल्लक प्रकरणाची माहिती दिली असती तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर ती दडवल्याचीही नोकरी देणारा दखल न घेण्याचं ठरवू शकतो. विचारलं असेल तेवढंच सांगणं बंधनकारक, हेही त्यात आहे. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या संदीप कुमार या उमेदवाराच्या खटल्यात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी ‘ले मिझराब्ल’मधल्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली होती: भावंडाच्या मुलांसाठी पाव चोरल्याचा शिक्का ज्याच्या अंगावरून आयुष्यभर पुसला गेला नाही तो माणूस.

हे सगळं वाचलं की दिसतं, न्यायालयं किरकोळ गुन्ह्याकडे बरंच उदारपणे पाहतात. पण ती उदारता माणसाला नोकरी गेल्यावर, वर्षानुवर्षं लढल्यावर मिळते. संदीप कुमारने अर्ज केला १९९९ मध्ये. निकाल आला २०११ मध्ये. आगरदांड्याच्या घरात एवढी वर्षं घालवायला पैसा नाही.

दुसरीकडे कसं करतात

ब्रिटनमध्ये १९७४ सालीच पुनर्वसनाचा एक कायदा आला. ठराविक काळ गुन्हा न करता काढला, की बहुतेक शिक्षा ‘सरलेली’ मानायची आणि नोकरीच्या अर्जात तिच्याबद्दल सांगण्याची सक्ती राहत नाही. वकील, डॉक्टर, नर्स अशा विश्वासाच्या व्यवसायांना १९७५ च्या आदेशाने त्यातून वगळलं. तिथे जुनी शिक्षाही सांगावी लागते. मात्र २०१३ पासून तिथेही काही जुन्या किरकोळ शिक्षा गाळल्या जातात. कॅलिफोर्नियात २०२० पासून बहुतेक व्यवसाय मंडळांना सात वर्षांपलीकडच्या बऱ्याच शिक्षा विचारात घेता येत नाहीत, आणि गुन्ह्याचा त्या कामाशी खरा संबंध असेल तरच शिक्षा आड येऊ शकते.

आपल्याकडे अशी सर्वसाधारण तरतूद नाही. प्रत्येक कायदा स्वतःपुरता आहे. इंग्लंडला नर्स म्हणून गेलेल्या अलिबागच्या मुलीला तिथे काय सांगायचं नाही, हे तिथल्या नियमांत वाचायला मिळतं. तिच्या भावाला इथे काय सांगायचं आणि काय नाही, हे कुठे एका जागी लिहिलेलं सापडत नाही.

मला वाटतं, सुरुवात अर्जापासून करता येईल. बार कौन्सिल आणि इतर परिषदांनी अर्जातला प्रश्न चार वेगळ्या ओळींत, मराठीत विचारावा: अटक, प्रलंबित खटला, शिक्षा, परिवीक्षेवर सुटका. प्रत्येकाखाली हकीगत लिहायला जागा द्यावी. आणि त्याच कागदावर लिहावं, की किरकोळ शिक्षेची खरी माहिती दिल्यामुळे अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. हे छापायला कायदा बदलावा लागत नाही.

त्याने काय लिहिलं

वकीलबाईंच्या टेबलाशी बसून मुलाने शेवटी अर्जाला जोडायचं पत्र लिहिलं. आधीचा मसुदा फार क्षमायाचनेचा होता; बाईंनी खोडला. नव्यात त्याने खटल्याचा क्रमांक, न्यायालय, कलम, तारीख, दंडाची रक्कम लिहिली, नकल आणि पावतीची प्रत जोडली. त्या वेळी वय वीस होतं, वकील केला नव्हता, कबुलीचा पुढे काय परिणाम होतो हे माहीत नव्हतं, त्यानंतर एकही गुन्हा नोंदलेला नाही, आणि दोन वर्षांपेक्षा जास्त काळ उलटून गेला आहे. शेवटी पोलीस ठाण्याचा चारित्र्य पडताळणीचा दाखला.

सनदेचं शुल्कही आता आवाक्यात आलं आहे. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घ्यायला मनाई केली. खुल्या गटाला ते साडेसातशे रुपये. काका म्हणाले, तेवढं माझ्याकडे आहे.

अर्ज त्याच आठवड्यात मुंबईला गेला. काय होईल ते या अंकाच्या छपाईपर्यंत कळलेलं नाही. नकाराचं कारण दिसत नाही, असं वकीलबाईंचं मत आहे, आणि नकार आलाच तर परिषदेचं म्हणणं लेखी मागून बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाण्याची त्यांची तयारी आहे.

त्यांनी स्वतःपुरता मात्र एक बदल केला आहे. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी कबुलीच्या रांगेत त्या एक फेरी मारतात. रांगेत तिशीच्या आतलं कोणी दिसलं की त्याच्यापाशी थांबून विचारतात, “पुढे काय करायचं ठरवलंयस?” पोलीस भरती, बोट, फार्मसी, कोर्ट असं काहीही उत्तर आलं, तर त्याला बाजूला घेऊन परिवीक्षेचा अर्ज लिहून देतात. फी घेत नाहीत. मागच्या वेळी त्या रांगेत त्यांना आगरदांड्याच्याच दोन मुलांनी असं उत्तर दिलं. कारण होतं पुन्हा गणपतीतले पत्ते.